हंबीररावांचा अंगरखा

नवस बोलायला लोक देवळात जातात. गिटारवाले जातात इंटरनेटवरच्या एका पानावर.

ते पान एका कंपनीचं. कंपनी दूर कुठल्याशा बर्फाच्या देशातली, आणि करते काय, तर बिस्किटांच्या डब्याएवढी एक पेटी. पेटी पायाशी ठेवायची, गिटारची वायर तिच्यात खुपसायची आणि बटण दाबायचं. जगातले नावाजलेले ॲम्प्लिफायर त्या पेटीत राहायला आलेले आहेत. देहानं नव्हे हं, आवाजानं. कपाटाएवढा विलायती ॲम्प हवा, दाबा बटण. अमेरिकन हवा, दाबा दुसरं. तरी लोकांचं समाधान म्हणून नाही. त्या पानावर रोज नवं मागणं येतं. कुणाला त्याच विलायती ॲम्पचा थोरला भाऊ हवा असतो, कुणाला मावसभाऊ. ज्या मागण्याला जास्त लोक हात वर करतात, ते कंपनी पुढच्या खेपेला पेटीत घालते.

कारेलीबागेतल्या तेजश्रीनं एका रविवारी सेव उसळ खाता खाता तिथं आपलंही मागणं लिहिलं. दोनच शब्द. "हंबीरराव, बडोदे."

खाली लगेच एकानं विचारलं, हा ॲम्प आहे की माणूस?

प्रश्न तसा रास्त होता. हंबीरराव म्हणजे तेजश्रीच्या आजोबांनी बांधलेला ॲम्प. आजोबांचं नाव हेमचंद्र. त्यांचे आजोबा गायकवाडी कारभारात, वडील कचेरीत, आणि हे वीज मंडळात. पण जीव सगळा तारांत आणि काचेच्या व्हॉल्व्हमध्ये. नवरात्रात गरब्याला जे वादक बसतात, त्यांच्यात ते गिटार वाजवायचे. बाजारात एकही ॲम्प मनासारखा मिळेना म्हणून घरीच बसून बांधला. सागवानी खोका, पुढं जाळी, आत स्वतःच्या हातानं तार गुंडाळून केलेला ट्रान्सफॉर्मर. दणदणीत निघाला म्हणून नाव हंबीरराव. घरात त्यांना कुणी कधी अरेतुरे केलं नाही. "हंबीरराव दमलेत, जरा बसू द्या," असंच बोलायचे सगळे.

आजोबा गेले, हंबीरराव राहिले. तेजश्री दिवसा शाळेत विज्ञान शिकवते आणि नवरात्रात आजोबांच्या जागेवर उभी राहून गिटार वाजवते. पण आता मैदानावर असलं धूड कुणी चढवू देत नाही. वायर साउंडवाल्याच्या टेबलात घाला आणि मोकळे व्हा. म्हणून तिनं पेटी घेतली, तिच्यातले सगळे ॲम्प वाजवून पाहिले. चांगले होते बिचारे. पण गरबा सुरू व्हायच्या आधी एक लांब सूर ओढायचा असतो, त्यावर बायका टाळीला हात उचलतात, तो सूर त्यांतल्या एकालाही ओढता येईना. आजोबांनी तो सूर ओढला की लहानपणी तेजश्रीच्या दंडावर काटा यायचा. तिला तो काटा परत हवा होता.

त्यात मयंकनं वाईट बातमी दिली. मयंकचं घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत रेडिओ-ॲम्प दुरुस्तीचं दुकान. त्यानं हंबीररावांची मागची फळी काढली, नाक आत घातलं आणि मान हलवली.

"तेजूबेन, ट्रान्सफॉर्मर आतून जळत चाललाय. आता चालतोय तो तुमच्या आजोबांच्या, दादांच्या पुण्याईनं."

"मग नवा गुंडाळून दे ना, मयंकभाई."

"देईन. पण तो मयंकचा होईल, दादांचा नाही. त्यांनी तार कशी घातली ते त्यांच्या बोटांना माहीत. उघडून बघायला गेलो तर हातात भुगा येईल."

म्हणजे हंबीरराव जायच्या आत त्यांचा आवाज पेटीत जायला हवा होता. नाहीतर तो सूर बडोद्यातूनच काय, जगातून गेला. तेजश्रीनं ठरवलं, या नवरात्रात तो सूर आपण ओढायचाच. पण हात वर करायला माणसं आणायची कुठून? हंबीररावांना ओळखतं कोण?

"मी करून देते ओळख," बैठकीतल्या हिंचक्यावर झोके घेत आजी म्हणाली.

वत्सलाआजी नुसती कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेली तरी वाटेत तिला मगर भेटलेली असायची. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, हे खरं. पण आजीला भेटलेली मगर पत्ता विचारायची. आजीला बा म्हणणारा मयंक तर सांगायचा, बा बोलायला लागल्या की मी आधी पंखा बंद करतो, एक शब्द वाया जायला नको.

"लिही," आजी म्हणाली. "करजणला हंबीररावांनी पहिला सूर लावला, तर हायवेवरचे सगळे ट्रक थांबले. ड्रायव्हर उतरून बॉनेट उघडून बघतायत. प्रत्येकाला वाटलं, आपलंच इंजिन रडतंय."

"आजी, हे खोटं आहे."

"मी कुठं खरं म्हणते? मी लिही म्हणते."

तेजश्रीनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी आजीनं पादरा गावचा किस्सा सांगितला. तिथल्या वाडीत एक रात्र वाजवलं, तर सकाळी दुधी हातभर वाढलेले, आणि वाडीवाला घरी आला, हे खत कुठल्या दुकानात मिळतं विचारायला. मग घडियाळी पोळीचा. हंबीररावांनी सूर ओढला आणि पोळीतली झाडून सारी घड्याळं एकदम वाजली, बंद पडलेली धरून.

आणि बघता बघता त्या पानावर झुंबड उडाली. ब्राझीलचा एक जण म्हणाला, मला दुधी माहीत नाही, पण तो वाढवणारा ॲम्प पाहिजे. जपानच्या एका बाईनं विचारलं, आजींचा पुढचा किस्सा कधी? लोकांनी असे हात वर केले की विलायती ॲम्पचे थोरले भाऊ आणि मावसभाऊ मुकाट्यानं खाली सरकले.

शेवटी कंपनीच्या माणसाचं उत्तर आलं. उत्तर सभ्य होतं आणि कोरडं होतं. आम्ही काही विचित्र आवाजांचं रेकॉर्डिंग पाठवतो. ते तुमच्या ॲम्पमधून वाजवा, समोर माइक ठेवा, बाहेर काय येतं ते रेकॉर्ड करून शुक्रवारपर्यंत पाठवा. आमचं यंत्र त्यावरून तुमचा ॲम्प शिकून घेईल. मात्र हंबीररावांत काही वेगळं असेल तरच. नुसते दणदणीत ॲम्प आमच्याकडे पुष्कळ आहेत.

तेजश्रीनं शाळेत रजा टाकली. हंबीररावांना बैठकीच्या मधोमध बसवलं, मऊ फडक्यानं पुसलं, दसऱ्याला हत्यारांना वाहतात तसं हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं. मयंक माइक घेऊन आला. दुपारची वेळ निवडली, कारण दुपारी सोसायटी झोपलेली असते आणि झोपलेली माणसं तक्रार करायला उशिरा येतात.

तिनं आधी तो लांब सूर ओढून पाहिला.

सूर आला. पण कसा आला, तर ताटावर उलथनं घासावं तसा. दणदणीत, टोकदार आणि परका.

"गरम होऊ दे जरा," मयंक म्हणाला.

गरम झाल्यावरही तेच. तेजश्रीनं आजोबांची जुनी कॅसेट लावली. नवरात्रातली, मैदानावरची. कॅसेटमध्ये मागं लहान मुलं रडतायत, कुणी शेंगदाणे विकतंय, आणि त्या सगळ्यातून आजोबांचा सूर निघतो, उकळत्या बासुंदीसारखा, जाड आणि सावकाश. तिच्या दंडावर काटा आला. तोच सूर, तीच गिटार, तेच हंबीरराव. मग हे उलथनं आलं कुठून?

मयंकनं व्हॉल्व्ह बदलले. माइक पुढं घेतला, मागं घेतला. स्पीकरचा कागद तपासला. बुधवार असाच गेला. गुरुवारीही दुपार कलायला लागली आणि दोघांची तोंडं उतरली. खालच्या मजल्यावरचे धनाजीराव वर येऊन सांगून गेले, की काय विकताय ते विका, पण एकदाचं विकून टाका.

"उघडं बसवलंय त्यांना," आजी हिंचक्यावरून म्हणाली. "अंगरखा घाला, मग बोलतील."

अंगरखा म्हणजे हंबीररावांची खोळ. आपल्या मराठी घरांतून रेडिओला खोळ, शिलाई मशीनला खोळ, मिक्सरलासुद्धा झालरीची खोळ असते. हंबीररावांना आजीनं आपल्या हिरव्या इरकलीची शिवली होती, आतून गोधडीसारखे थर घालून, पाठीला बटणं लावून. आजोबा गेल्यावर तेजश्रीनंच ती उतरवली. घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून, आजोबांच्या शालीखाली ट्रंकेत ठेवली. आठवण खराब होऊ नये म्हणून.

"आजी, काल म्हणालीस हंबीरराव वाजले की कोंबडे आरवायचे विसरायचे. आज अंगरखा. उद्या शेवटचा दिवस आहे गं. मला काम करू दे."

हिंचका थांबला. तेजश्रीला ते जाणवलं, पण तिनं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी जेवायला बसल्या. आजीनं भाकरी वाढली, भाजी वाढली, आणि गप्प. या घरात आजी गप्प बसून जेवलीय, असं कधी झालं नव्हतं. वरणाला फोडणी दिली तरी तिच्यात एखादा सुभेदार निघायचा.

"रागावलीस?" तेजश्रीनं विचारलं.

"नाही."

"मग सांग ना काहीतरी."

आजीनं भाकरीचा तुकडा मोडला. "मैदानावर धूळ उडायची. ती आत जायची. म्हणून मी खोळ शिवली. त्यांनी वाजवताना काढली नाही. काढली असती तर मला राग आला असता. म्हणून कधीच काढली नाही."

तेजश्री वाट बघत राहिली. आता खोळीतून नाग निघेल, किंवा राजवाड्यातून बोलावणं येईल.

"पुढं?"

"पुढं काय? वाजवायचे. घरी यायचे."

तेजश्रीचा हात ताटातच थांबला. जन्मापासून ती आजीच्या गोष्टी ऐकत आली होती, आणि त्यांतली एकही अशी नव्हती. ना ट्रक, ना दुधी, ना मगर. इतकी लहान, इतकी बिनमिठाची गोष्ट आजीनं आयुष्यात सांगितली नव्हती. आणि नुसतं वाजवायचे, घरी यायचे, यात आजीनं काही घातलं नव्हतं, म्हणजे ही गोष्ट खरी होती.

ती उठली, हात धुतले आणि ट्रंक उघडली. घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला.

शुक्रवारी दुपारी मयंक आला तर हंबीरराव हिरवा अंगरखा घालून, बटणं लावून, नवरदेवासारखे बसलेले. त्यानं कपाळाला हात लावला.

"तेजूबेन, तुम्ही विज्ञान शिकवता ना? आधीच आतून जळतोय आणि वरून गोधडी? हवा कुठून जाणार? जळून जाईल."

"थोडा वेळ बघू."

"स्पीकरवर कापड टाकलं तर आवाज बसतो, हे तर माझी मुलगीपण सांगेल."

तेजश्रीनं सूर ओढला. आवाज बसला. उशी तोंडावर धरून कुणी हाक मारावी तसा. मयंकनं दोन्ही हात पसरले, म्हणजे बघा, मी काय सांगत होतो. तेजश्रीचा चेहरा पडला.

"थांबा," आजी म्हणाली. "घाम फुटू दे त्यांना."

तेजश्री वाजवत राहिली. गरब्याची एक चाल, मग तीच पुन्हा. अंगरख्याच्या आत ऊब कोंडत गेली. आणि मग हळूहळू, लोणी कढताना वास बदलतो ना, तसा आवाज बदलायला लागला. टोक तर कापडानं केव्हाच बोथट केलं होतं, आता आतला जीव वर आला. तिनं तो लांब सूर ओढला.

मयंकचे पसरलेले हात खाली आले. खाली धनाजीरावांकडे कुणीतरी टीव्ही बंद केला. तेजश्रीनं आपल्या दंडाकडे पाहिलं नाही, तिला बघायची गरज नव्हती.

"खुबी गरमीची आहे," मयंक पुटपुटला. "दादा त्याला तापवून वाजवायचे. माहीत नसताना."

"त्यांना माहीत नव्हतं," आजी म्हणाली. "मला होतं." आता हे मात्र साफ खोटं होतं, पण त्या वेळी तिला कोण बोलणार?

आनंद टिकला एक चहा निवेल एवढाच. मयंकनं नाक वर केलं. जळका वास येत होता.

त्यानं मेन स्विचवर हात ठेवला. "ऐका. आत्ता बंद केलं, अंगरखा काढला, तर हा टिकेल. मी जपेन. दर दसऱ्याला फूल वाहा, थोडा वाजवा, तुमच्या घरात राहील. पण कंपनीचे आवाज यातून काढायचे तर असाच तापलेला ठेवायला लागेल. ते पूर्ण होतील की नाही, मी सांगू शकत नाही. आणि मग हा उठणार नाही."

तेजश्रीनं आजीकडे पाहिलं. हंबीरराव आजीच्या नवऱ्याच्या हातचे, अंगरखा आजीच्या हातचा.

"माझ्याकडे बघू नकोस," आजी म्हणाली. "वाजवणारी तू आहेस."

फुलं वाहिलेला, पुसलेला, मुका नसला तरी परक्या आवाजात बोलणारा एक खोका तेजश्रीच्या डोळ्यांपुढं आला. दर दसऱ्याला त्याच्यासमोर उभं राहायचं आणि कॅसेट ऐकायची. तिनं गिटारची वायर काढली आणि लॅपटॉपची लावली.

"हात काढ, मयंकभाई."

"तेजूबेन..."

"मी सांगेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही."

तिनं कंपनीचं रेकॉर्डिंग सुरू केलं. काय ते आवाज. आधी कुकरची शिट्टी खालून वर गेली, मग मोर केकाटला, मग कुणी पत्र्यावर वाटाणे ओतले. हंबीररावांनी प्रत्येक आवाज घेतला आणि आपल्या गळ्यातून परत दिला. शिट्टी जाड झाली. वाटाण्यांचे तांदूळ झाले. वास वाढत होता. अंगरख्याच्या गळ्यातून धुराची एक रेघ निघाली आणि मयंकनं डोळे मिटून घेतले. तेजश्री लॅपटॉपवरच्या सरकत्या रेघेकडे बघत उभी होती, मुठी आवळून. मोर पुन्हा केकाटला. आवाज जरा थरथरला, सावरला.

रेघ टोकाला पोचली.

"आता," ती म्हणाली.

मयंक स्विचपर्यंत पोचायच्या आतच आतून ठप् असा आवाज आला, दाराची कडी पडावी तसा. लाल दिवा गेला. हंबीररावांनी काम पुरं केलं होतं आणि बंद व्हायचं बटण स्वतःच दाबलं होतं, असंच आजी पुढं सगळ्यांना सांगणार होती.

त्या वेळी मात्र आजी काही सांगत नव्हती. ती हिंचक्यावरून उतरली, खाली बसली आणि अंगरख्याची बटणं एकेक करून सोडली. आतल्या लाकडावर तळवा ठेवला.

"गरम आहेत अजून," ती म्हणाली. मग उठता उठता, "मयंक, चहा घेऊन जा. आल्याचा टाकते."

तेजश्रीनं रेकॉर्डिंग पाठवलं. खाली कंपनीच्या माणसाला एवढंच लिहिलं, की हा ॲम्प खोळ घालून वाजतो, आणि तो आता नाही.

त्याचं उत्तर सोमवारी आलं. या खेपेला कोरडं नव्हतं. त्यांचं यंत्र शिकलं होतं. ऑफिसातल्या चार जणांनी आळीपाळीनं तो एक सूर ओढला आणि मग जेवणाची सुट्टी टळून गेली तरी कुणी उठेना. असा ॲम्प आमच्याकडे नाही, त्यानं लिहिलं होतं.

नवरात्राच्या तोंडावर पेटीत नवे ॲम्प आले. विलायती थोरल्या भावाच्या खाली, अमेरिकन मावसभावाच्या वर, हंबीरराव. पेटीच्या पडद्यावर छोटंसं चित्रही होतं, हिरवा अंगरखा, जरीचा काठ. आजीनं चष्मा पुसून बघितला आणि काठ एक बोट रुंद हवा होता म्हणाली.

पहिल्या माळेला तेजश्री आजोबांच्या जागेवर उभी राहिली. पायाशी डबा, वायर साउंडवाल्याच्या टेबलात. आजी पुढच्या खुर्चीवर. तेजश्रीनं बटण दाबलं आणि सूर ओढला. मैदानभर पसरलेल्या बायकांनी बोलणं थांबवलं आणि हात उचलले. वयस्क होत्या त्यांनी जरा आधीच उचलले.

इंटरनेटवरच्या पानावर आता आजीचा नवा किस्सा आहे. हंबीरराव गेले तेव्हा धूर खिडकीतून निघाला, सूरसागर तळ्याला प्रदक्षिणा घातली आणि तळ्यातल्या शंकराच्या मूर्तीला वाकून मगच वर गेला. लोक तो आवडीनं वाचतात. खाली मागणीही थांबलेली नाही. परवा कंपनीच्या माणसानं तेजश्रीला विचारलं, की वाजवणारे पुष्कळ जण म्हणतायत, एक जादा बटण द्या, खोळ काढून हंबीरराव कसे वाजतात तेही ऐकायचंय. देऊ का?

तेजश्रीनं ते आजीला वाचून दाखवलं.

आजीनं हिंचक्याला पायानं एक रेटा दिला. "चारचौघांत अंगरखा काढायचा? लिही त्यांना, नाही म्हणून."

तेजश्रीनं लिहिलं, नाही.